स्पिटफायरची मागची चाकं आणि ट्रॅक्टरची टॉप लिंक

धुळ्यात ट्रायम्फ स्पिटफायर ही जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार घेऊन पेट्रोल पंपावर उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ॲव्हरेज किती देते?" दुसरा, "इंजिन मारुतीचं टाकलं का?" नाही टाकलं. आहे तेच १२९६ सीसीचं, दोन एसयू कार्ब्युरेटरवालं. गाडी मार्क थ्री, म्हणजे तिसरी आवृत्ती, १९६८ ची. आयुष्यातली बरीच वर्षं मुंबईच्या खाऱ्या हवेत काढून मग आमच्या कोरड्या उन्हात आली. इकडे आल्यापासून गंज वाढलेला नाही. वाढायला पाणी लागतं, आणि ते आमच्याकडे माणसांनाच मोजून मिळतं.

गाडीची एक खोड मात्र डोक्यात बसली होती. लळिंगचा घाट उतरताना वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा जरी उचलला, की मागचा भाग हलकेच बाहेर झुकायचा. पाय दाबला की परत जागेवर. सरळ रस्त्यावरही तेच, फक्त कमी. ट्रकच्या बाजूने ओव्हरटेक करताना हे झालं की तोंड कोरडं पडतं. टायर नवे, हवा बरोबर, शॉकॲब्सॉर्बर बदललेले. तरी वळवळ होतीच.

स्पिटफायरचा मागचा भाग ट्रायम्फच्याच हेरल्ड कारचा. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून जी हेरल्ड काढली, तीच. मधोमध दोन चाकांना ताकद वाटणारा डिफरन्शियल चासीला बोल्टने घट्ट, त्याच्या डोक्यावर आडवा एकच पाटा (स्प्रिंग), पाट्याची दोन टोकं दोन चाकांपर्यंत. दोन्ही बाजूंचे हाफशाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारे दांडे, आतल्या टोकाला क्रॉसच्या सांध्यावर झुलतात, बाहेरच्या टोकाला चाक शाफ्टला पक्कं काटकोनात. म्हणून चाक वरखाली झालं की तिरपंही होतं. जोरात वळताना मागचा भाग उचलला गेला तर बाहेरचं चाक पोटाखाली दुमडू बघतं. या गाड्यांची ही बदनामी जुनीच आहे. मार्क फोरपासून ट्रायम्फने पाट्याची रचना बदलली, आणि आपल्याकडे हेरल्डनंतर गॅझेल आली तेव्हा तिला सरळ अखंड एक्सल दिला. माझी मार्क थ्री, म्हणजे जुन्या पद्धतीची शेवटची.

पण माझं दुखणं दुमडण्याचं नव्हतं, कारण मी तेवढी जोरात चालवतच नाही. चाक मागेपुढे सरकू नये म्हणून प्रत्येक बाजूला एक रॉड असतो. पुस्तकात त्याला रेडियस आर्म म्हणतात. त्याचं मागचं टोक चाकाच्या उभ्या तुकड्याला, पुढचं टोक सीटच्या मागे बॉडीवरच्या ब्रॅकेटला, आणि दोन्ही टोकांना रबरी बुश. तेवढ्या एका रॉडवर मागच्या चाकाची दिशा ठरते. रॉड आखूड झाला की चाक पुढे ओढलं जातं आणि त्याचं तोंड आत वळतं. लांब झाला की तोंड बाहेर. आता बुश म्हातारे झाले की काय होणार? ॲक्सिलरेटर दिला की चाक गाडीला पुढे ढकलतं, बुश दबतो, तोंड आत. पाय सोडला, ब्रेक मारला, की चाक मागे ओढलं जातं आणि तोंड बाहेर. म्हणजे घाटात पाय उचलला की माझी गाडी स्वतःच मागून स्टिअरिंग फिरवत होती.

नवे बुश टाकून हे भागलं असतं. पण या गाड्यांत दिशा बसवायची सोय म्हणजे ब्रॅकेटमागे घातलेल्या शिमा, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या. एक शिम काढायची तर बोल्ट सोडा, गाडी उतरवा, मोजा, पुन्हा चढवा. शिवाय मुंबईत कधीतरी कोणीतरी एका बाजूला शिमांची गड्डी घातली होती आणि दुसऱ्या बाजूला एकही नाही. त्या शिमा गाडीसाठी होत्या की वाकलेलं काही झाकायला, कोण जाणे. म्हणून ठरवलं, लांबी कमीजास्त करता येणारे रॉडच टाकायचे. इंग्लंडहून मागवले. कस्टम ड्यूटीचा आकडा इथे लिहीत नाही, घरचे हे वाचतात.

खोकं उघडलं तेव्हा आमचे मिस्तरी मामा दुकानावरच होते. आमचं दुकान ट्रॅक्टरच्या स्पेअरचं, त्यामुळे मामांची ये-जा रोजची. रॉड हातात घेऊन त्यांनी मधली नळी फिरवली, दोन्ही टोकं एकदमच बाहेर सरकली, आणि म्हणाले, "हाई ते ट्रॅक्टरनी टॉप लिंक शे, दादा!" अगदी तीच. एका टोकाला सरळ आटे, दुसऱ्या टोकाला उलटे, मधली नळी फिरवली की लांबी बदलते, दोन्हीकडे चेकनट. नांगर मागेपुढे झुकवायला शेतकरी जे रोज करतो, तेच इथे मिलिमीटरमध्ये करायचं. पुढचं समजावून सांगायची मला गरज पडली नाही.

किटमध्ये दोन पर्याय होते, टोकाला पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकसारखे) बुश किंवा 'रोज जॉइंट', म्हणजे रबराशिवायचा उघडा धातूचा गोळा. मी पॉली घेतले. रोज जॉइंट रेसच्या ट्रॅकवर ठीक, तिथे लोक धूळ बसायच्या आत गाडी झाकून नेतात. आमच्याकडे काळ्या मातीची बारीक धूळ आहे, ती चष्म्याच्या बंद डबीत शिरते. उघड्या गोळ्यात ती ग्रीसला चिकटली की पॉलिश पेपरचं काम करणार, आणि महिन्याभरात मागून खडखड सुरू. वर प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट बॉडीत, तोही साठीकडे झुकलेल्या पत्र्यात. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर टाकावेत.

जुने बोल्ट सुटायला वेळ लागला. मागचे लगेच निघाले. पुढचे, ब्रॅकेटचे, बॉडीत अडकवलेल्या नटांत बसतात. ते नट आतल्या आत फिरायला लागले तर कार्पेट, सीट सगळं काढून पत्रा कापावा लागतो. म्हणून आदल्या दिवसापासून ऑइल आणि डिझेल मारत राहिलो, आणि मामांनी पाना एकदाही झटका देऊन ओढला नाही. पाव फेरा पुढे, अर्धा मागे, पुन्हा तेल. ब्रॅकेटच्या मागचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून बघितला, टणक आवाज आला. तिथे भसका निघाला असता तर रॉड खोक्यात परत गेले असते, आधी वेल्डिंग. बोल्ट यूएनएफ, म्हणजे इंची मापाच्या बारीक आट्यांचे, मेट्रिक चालत नाहीत. धुळ्यात ते शोधायची वेळ आली नाही, जुन्या मॅसीच्या ग्राहकांसाठी आम्ही ठेवतोच. नायलॉक नटसुद्धा.

एका वेळी एकच बाजू सोडली, म्हणजे दुसरं चाक जागा धरून राहतं. नवा रॉड जुन्याच्या शेजारी ठेवून, भोकापासून भोकापर्यंत तेवढाच लांब करून चढवला. शिमा सगळ्या काढल्या. यात एक गोष्ट महत्त्वाची: नळी फिरवताना टोकाचे डोळे (बोल्ट जातो ती कडी) एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत. चेकनट आवळताना एक डोळा सोबत फिरतो, बुश पिळला जातो, आणि मग तो लवकर जातो. मामा एका हाताने डोळा धरून दुसऱ्याने नट आवळत होते. मला ते दोन पान्यांशिवाय जमलं नाही.

खरं काम मोजण्याचं. धुळ्यात व्हील अलाइनमेंटची मशीनं पुष्कळ आहेत, पण एका ठिकाणी ऑपरेटरने मागची चाकं "फिक्स असतात" असं सांगून गाडी बाहेर काढायला लावली होती. मग दोराच लावला. गवंड्याचा सुती दोरा, दोन्ही बाजूंना, चार घोड्यांवर (स्टँडवर) ताणून, चाकाच्या मध्याच्या उंचीवर. इथे स्पिटफायर फसवते. तिची पुढची चाकं ४९ इंचावर आणि मागची ४८ वर, म्हणून मागच्या हबपाशी दोरा प्रत्येक बाजूला अर्धा इंच जास्त लांब हवा. हे विसरून दोन्हीकडे सारखं अंतर धरलं तर दोरे गाडीला समांतर राहत नाहीत आणि पुढचं सगळं मोजमाप पाण्यात.

जॅकवरून उतरवल्यावर लगेच मोजायचं नाही. झुलत्या एक्सलमुळे चाकं लटकलेली असताना खालून आत येतात आणि टेकल्यावरही तशीच अडून राहतात. गाडी चारदोन मीटर पुढेमागे ढकलली, मागून दाबून हलवली, तेव्हा ती बसली. सीटवर एकेक सरकी ढेपेचं पोतं ठेवलं, माणसांच्या वजनाऐवजी. (माझं वजन पोत्यापेक्षा जास्त आहे, ते सोडा.) चाकाच्या तिरपेपणाला या रॉडने काही होत नाही, तो पाट्याच्या उंचीवर ठरतो. पाटा बसलेला असेल तर आधी पाटेवाल्याकडे जा, रॉडचे पैसे नंतर खर्च करा. माझा पाटा ठीक होता.

पोलादी पट्टीने रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरा मोजला. डावं चाक जवळजवळ सरळ. उजवं बाहेर, चांगलं तीन मिलिमीटर. नळी थोडी फिरवा, गाडी हलवा, मोजा, पुन्हा फिरवा. प्रत्येक बाजूला एक मिलिमीटर आत ठेवलं, म्हणजे ब्रेक मारताना बुश थोडा दबला तरी तोंड बाहेर जाणार नाही. चेकनट आवळून त्यावर नेलपॉलिशची रेघ ओढली. नट सरकला तर रेघ तुटलेली दिसते.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत लळिंग. उतारावर मुद्दाम पाय उचलला, वळणातच. गाडी हळू झाली, बास. मागून काही आलं नाही. पुन्हा वर जाऊन पुन्हा उतरलो, या वेळी मामा शेजारी. त्यांनी काही बोलायच्या ऐवजी दाराच्या वरून हात बाहेर काढून आरामात ठेवला. याआधी त्यांचा हात कायम डॅशबोर्ड धरून असायचा. खड्ड्यात दणका पूर्वीपेक्षा थोडा कडक लागतो, हे खरं. पॉली बुश आहेत, लागणारच.

नंतर चाळीसगाव, कन्नडचा घाट असं फिरून आल्यावर पुन्हा दोरा लावला. डावं जागेवर, उजवं अर्धा मिलिमीटर हललेलं. रेघ शाबूत, म्हणजे बुश बसला असावा. नळी जराशी फिरवून पुन्हा आवळलं. आता मामांना पारोळ्याकडे एका वाड्यात उभी असलेली हेरल्ड आठवली आहे. मालकाला त्यांनी परस्पर सांगूनही टाकलं की दादा रॉड मागवून देतील. मी सांगितलं, आधी तिचा पाटा बघून या, आणि जुना रॉड भोकापासून भोकापर्यंत मोजून आणा.