चार बॉडी, एक बॅग: कोणती घ्यायची ते मी कसं ठरवतो

माझ्याकडे निकॉनच्या चार बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे, आहेत: फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) डी८५०, लहान म्हणजे क्रॉप सेन्सरची डी५००, बिनआरशाची झेड६ आणि फिल्मवाली एफएम२. एफ माउंटच्या (निकॉनच्या जुन्या जोडणीच्या) बहुतेक लेन्स चारही बॉडींना बसतात, झेड६ला मध्ये एफटीझेड ॲडॅप्टर लागतो एवढंच. घोळ तिथूनच सुरू होतो, कारण बसते ती प्रत्येक लेन्स चालतेच असं नाही. ‘यातली सगळ्यात चांगली कोणती’ या प्रश्नात मी वेळ घालवत नाही. समोरच्या कामात कोणती बॉडी कुठे अडेल ते बघतो आणि एकेक बाद करत जातो. बहुतेक वेळा दोन-तीन प्रश्नांतच निकाल लागतो.

सुरुवात लेन्सपासून. किती दूरचं आणि किती अंधारातलं काढायचं आहे त्यावरून लेन्स ठरते, बॉडी तिच्या मागून येते. ८५ मिमी एफ/१.८डी सारख्या एएफ-डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. बॉडीतली मोटर माउंटमधून डोकावणाऱ्या बारीकशा स्क्रूने लेन्स फिरवते. हा स्क्रू डी८५० आणि डी५००मध्ये आहे, एफटीझेडमध्ये नाही. म्हणजे झेड६वर ही लेन्स हातानेच फोकस करायची. बसून काढायच्या पोर्ट्रेटला ते चालतं, पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) आहे, चित्र मोठं करून बघता येतं. पळत्या मुलांसाठी झेड६ तिथेच बाद.

एफएम२ची अडचण उलट बाजूने येते. तिला लेन्सवर ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची, रिंग हवीच. ‘जी’ प्रकारच्या लेन्सला रिंग नसते, त्यामुळे ती एफएम२वर लावली की छिद्र सगळ्यात बारीक आकड्यावर, एफ/१६ किंवा एफ/२२वर, जाऊन बसतं. ‘ई’ प्रकारच्या लेन्सचं छिद्र विजेवर चालतं, ते या बॉडीवर पूर्ण उघडंच राहतं.

हाताने फोकस करायच्या जुन्या एआय-एस लेन्स डी८५० आणि डी५००वर झकास चालतात. सेटअप मेन्यूमधल्या ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’त फोकल लेन्थ आणि सगळ्यात मोठं ॲपर्चर भरलं की मॅट्रिक्स मीटरिंगसुद्धा (अख्ख्या फ्रेमवरून उजेड मोजणं) मिळतं. झेड६वर मात्र रिंग जिथे ठेवाल तेवढंच छिद्र फोकस करतानाही राहतं. एफ/८ला व्ह्यूफाइंडरमध्ये पुढचं-मागचं सगळंच धारदार दिसतं आणि नेमका फोकस कुठे आहे ते कळत नाही. म्हणून रिंग पूर्ण उघडून फोकस करायचा आणि मग हव्या आकड्यावर आणायची. फोकल लेन्थ इथेही भरायचीच. ५० मिमीची नोंद तशीच ठेवून १३५ मिमी लावली तर बॉडीतलं स्थिरीकरण ५०च्या हिशेबाने सेन्सर हलवतं आणि फोटो हललेला येतो.

दुसरा प्रश्न आवाजाचा. गाण्याची बैठक, नाटक, लग्नातला मंत्रोच्चार, कुठलंही शांत सभागृह असलं की आरशाची खटखट नको असते, आणि मग झेड६चा सायलेंट मोड आठवतो. (डी८५०मध्येही लाइव्ह व्ह्यूत आवाज न करता फोटो निघतात, पण मागच्या स्क्रीनकडे बघत आणि संथ फोकसवर. ट्रायपॉडवर ठीक, एरवी नाही.) पण सायलेंट मोडमध्ये यांत्रिक शटर हलत नाही, सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. त्याची एक किंमत आहे, आणि ती दिव्यांवर ठरते.

झेड६चा सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचायला सुमारे १/२० सेकंद लागतो. ५० हर्ट्झच्या विजेवरचे साधे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/२० सेकंदात अशी पाच आवर्तनं बसतात. शटर १/५०० ठेवलं की प्रत्येक ओळीला आवर्तनाचा एक तुकडाच मिळतो, कुठे उजेडाचा, कुठे अंधाराचा, आणि फोटोत पाच आडवे पट्टे उमटतात. शटर १/१०० केलं की प्रत्येक ओळीला एक पूर्ण आवर्तन मिळतं, १/५०ला दोन, आणि पट्टे जातात. ६० हर्ट्झच्या विजेवर १/१२५ आणि १/६० हे आकडे वापरायचे. म्हणजे सायलेंट मोडमध्ये शटर स्पीड मी निवडत नाही, दिवे निवडतात. १/१००ला नर्तकीचा हात हललेला येतो. तो धारदारच हवा असेल तर सायलेंट मोड सोडून द्यावा लागतो.

रंगमंचावरचे एलईडी आणखी त्रास देतात. मंद करण्यासाठी ते स्वतःच्याच वेगाने चालू-बंद होत असतात, विजेच्या लयीशी त्यांचा संबंध नसतो, त्यामुळे १/१००चा उपाय लागू पडेलच असं नाही. तिथे कार्यक्रमाआधी मागच्या पांढऱ्या पडद्यावर १/५०, १/१००, १/२०० आणि १/५०० असे चार फोटो काढायचे, स्क्रीनवर मोठे करून बघायचे. दिव्यांचा रंग बदलला की पुन्हा चार, कारण लाल आणि निळा एलईडी वेगवेगळे वागू शकतात. चारही फोटोंत पट्टे दिसले तर झेड६ यांत्रिक शटरवर आणायची किंवा डी८५० काढायची. यांत्रिक शटरचा पडदा काही मिलिसेकंदांत खाली येतो, त्यामुळे पट्ट्यांची रांग लागत नाही. झालंच तर फ्रेमची एक बाजू काळवंडते किंवा लागोपाठच्या दोन फोटोंचा उजेड वेगळा येतो. त्यासाठी डी८५० आणि डी५००मध्ये फ्लिकर रिडक्शन आहे. बॉडी दिव्याच्या उजेडाची वरची टोकं हेरून नेमकं तेव्हाच शटर सोडते. फ्रेमचा वेग थोडा उतरतो, तेवढं सोसायचं.

सायलेंट मोडमध्ये वेगाने फिरणारी वस्तूही वाकडी येते. बॅट, तबलजीची बोटं, पंख्याची पाती. कारण तेच १/२० सेकंद.

आता पक्षी आणि मैदानी खेळ. इथे डी५०० की डी८५० हा माझा सगळ्यात जुना वाद, आणि तो आकड्यांनीच मिटतो. ‘क्रॉप सेन्सरला पोहोच जास्त’ हे अर्धंच खरं आहे. डी५००च्या एका पिक्सेलचं माप सुमारे ४.२ मायक्रॉन, डी८५०चं सुमारे ४.३५. डी८५० डीएक्स क्रॉपवर (सेन्सरचा डी५००एवढा मधला भागच वापरून) ठेवली की १९.५ मेगापिक्सेल उरतात, डी५०० देते २०.९. म्हणजे एकाच लेन्सने एकाच जागेवरून काढलेल्या पक्ष्यावर दोन्हींत जवळपास तेवढेच पिक्सेल पडतात. पोहोचीच्या बाबतीत दोघी बरोबरीत. फोकसचं मॉड्यूलही तेच, १५३ बिंदूंचं, आणि सेन्सरवर तेवढीच जागा व्यापणारं. डी५००ला फ्रेम लहान म्हणून बिंदू कडेपर्यंत गेल्यासारखे वाटतात.

मग फरक कुठे पडतो? डी५०० सेकंदाला १० फ्रेम देते, डी८५० ७. १४ बिट लॉसलेस कॉम्प्रेस्ड रॉमध्ये (दर्जा न घटवता दाबलेल्या कच्च्या फाइलमध्ये) डी५००चं बफर, म्हणजे कार्डावर लिहून होईपर्यंत फोटो धरणारी मेमरी, चांगल्या एक्सक्यूडी कार्डवर २०० फ्रेमपर्यंत ओढतं, डी८५०चं पूर्ण आकाराला ५१पर्यंत. डी८५०ची पूर्ण फ्रेम साधारण ५० एमबीची, डी५००ची त्याच्या निम्मी. हजार फोटोंना ५० जीबी आणि २५ जीबी असा हा फरक, आणि त्या रात्री बॅकअप घेताना तो जाणवतो. व्ह्यूफाइंडरमध्ये डी५००ची पूर्ण फ्रेम मोठी दिसते, तर डी८५०ला डीएक्स क्रॉपमध्ये मधला तुकडा छोटा, पण त्याच्या बाहेरचं सगळं दिसत राहतं. उडता पक्षी फ्रेममध्ये यायच्या आधीच दिसतो, ही मोठी सोय आहे.

म्हणून माझा नियम असा: पक्षी कायम लांबच राहणार आणि कृती वेगाची असेल तर डी५००. पक्षी कधी लांब, कधी एकदम जवळ येणार असेल तर डी८५०, कारण जवळ आला की पूर्ण फ्रेम वापरता येते. उजेड कमी झाल्यावर पक्षी जवळ असेल तर डी५००चा विचारच नको. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ तिच्या सव्वादोनपट, म्हणजे नॉइजमध्ये (अंधारात दिसणाऱ्या दाण्यांत) एका स्टॉपहून, म्हणजे दुप्पट उजेडाहून, थोडा जास्त फायदा. पण हा फायदा फ्रेम भरली तरच मिळतो. लांबचा पक्षी डी८५०मधून कापून घेतला तर तो निघून जातो, हे लोक सोयीस्कर विसरतात.

निसर्गदृश्य, इमारती, वस्तूंचे फोटो: ट्रायपॉड असेल तर डी८५०, आयएसओ ६४. फार विचार करत नाही. ट्रायपॉडला मनाई असलेल्या अंधाऱ्या वास्तूत झेड६, कारण चारांत सेन्सर स्थिर करणारी तेवढीच. १/१० सेकंदालाही स्तंभ धारदार येतो. स्तंभाशेजारचा माणूस नाही.

एकदाच घडणाऱ्या प्रसंगाला झेड६ मुख्य बॉडी म्हणून नेत नाही. तिच्यात कार्डाची एकच जागा आहे. डी८५० आणि डी५००मध्ये एक एक्सक्यूडी आणि एक एसडी, दोन्हींवर एकाच वेळी लिहिता येतं. फक्त एसडी संथ असेल तर बफर तिच्या वेगाने रिकामं होतं, म्हणून बर्स्टच्या (सलग भराभर फोटोंच्या) कामात दुसरी प्रत जेपेगची ठेवतो.

बॅटरीचा हिशेब सोपा, कारण तिन्ही डिजिटल बॉडी ईएन-ईएल१५ घराण्याची बॅटरी घेतात. सिपा (कॅमेरा उत्पादकांची संघटना) मोजणीने डी८५०चे १८४० फोटो, डी५००चे १२४०, झेड६चे ३१०. प्रत्यक्षात झेड६ यापेक्षा बरीच जास्त देते, तरीही दिवसभराला तिच्यासाठी तीन बॅटऱ्या धरतो, डी८५०ला एक आणि एक राखीव. ‘बी’ किंवा ‘सी’ शेपटीवाल्या बॅटऱ्या झेड६मध्येच यूएसबीने चार्ज होतात. जुन्या चालतात, पण चार्जरच लागतो. लेबलवर ली-आयन०१ लिहिलेल्या अगदी जुन्या बॅटऱ्या डी५००मध्ये लवकर मान टाकतात, त्या तिला देत नाही.

दोन बॉडी न्यायच्या असतील तर जोडी डी८५० आणि डी५००ची. बटणं जवळपास त्याच जागी, कार्डं आणि बॅटऱ्या सामाईक. निघण्याआधी दोघींची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवायची, नाहीतर फोटो वेळेनुसार लावताना हार आधी आणि नवरी नंतर येते. फाइलच्या नावातली तीन अक्षरं प्रत्येकीला वेगळी. व्हाइट बॅलन्स ऑटो न ठेवता दोन्हींना एकच केल्विन आकडा, आणि उजेड बदलला की दोन्हींनी ग्रे कार्डाचा एकेक फोटो.

एक काम आधीच झालेलं असावं लागतं, ते म्हणजे एएफ फाइन ट्यून, लेन्स आणि बॉडीच्या जोडीतली ऑटोफोकसची बारीक चूक सुधारणं. आरशाच्या बॉडीत फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, त्यामुळे तीच ८५ मिमी डी८५०वर −४ मागते आणि डी५००वर +६ मागू शकते. एका बॉडीचा आकडा दुसरीला चालत नाही. झेड६ सेन्सरवरच फोकस मोजते, तिला ही भानगड नाही. पद्धत अशी: बॉडी ट्रायपॉडवर, समोर ठसठशीत काळं-पांढरं छापील पान सेन्सरला समांतर, ८५ मिमीला अंतर साधारण ३ मीटर, ॲपर्चर पूर्ण उघडं. लाइव्ह व्ह्यूमध्ये मधल्या बिंदूवर फोकस करून चित्र मोठं करून तपासायचं. मग एएफ मोडचं बटण आणि व्हिडिओचं लाल बटण एकत्र दोन सेकंदांहून जास्त दाबून धरायचं. बॉडी स्वतः आकडा काढते. तो दर वेळी थोडा वेगळा येतो, म्हणून पाच-सहा वेळा करून मधला घ्यायचा, मेन्यूत हाताने भरायचा आणि खरोखरचे फोटो काढून पडताळायचा. सगळे आकडे +१५च्या पुढे किंवा −१५च्या खाली जात असतील तर फाइन ट्यूनने भागणार नाही, लेन्स किंवा बॉडी दुरुस्तीला द्यावी.

बॉडी ठरली की आदल्या रात्री एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन शून्य, ब्रॅकेटिंग बंद, डी८५०चा डीएक्स क्रॉप बंद, कार्ड त्याच बॉडीत फॉरमॅट. डी८५० आणि डी५००मधल्या मेन्यू बँका (सेटिंगचे संच) म्हणजे झेड६च्या डायलवरचे यू१, यू२ नव्हेत. यू१मध्ये काहीही बदललं तरी डायल फिरवून परत आणला की जतन केलेलं परत येतं. बँकेत जे बदलाल तेच तिच्यात मुरतं. म्हणून बँकेवर विसंबायचं नाही, सेटिंग कार्डावर जतन करून तिथून भरायची. डी८५०ची सेटिंग डी५००ला भरता येत नाही.

एफएम२ या सगळ्यात बसत नाही. रोलभर एकच आयएसओ मान्य असेल आणि घाई नसेल तेव्हाच ती निघते. तिच्या दोन एलआर४४ बटण-बॅटऱ्या फक्त मीटरसाठी आहेत, त्या संपल्या तरी १/४०००पर्यंतचं शटर चालतं. आत रोल आहे का, हे बघायला मागचं झाकण उघडू नये. रिवाइंडची कळ बाणाच्या दिशेने अलगद फिरवावी, अडली तर रोल आहे.

जी बॉडी घरी राहते तिला महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज बॅटरी घालून दहा-वीस फोटो काढतो. डी८५०च्या आतली घड्याळाची छोटी बॅटरी मुख्य बॅटरीवरच चार्ज होते, साधारण दोन दिवसांच्या चार्जवर तीन महिने टिकते. ती संपली की ‘क्लॉक’ लुकलुकतं आणि तारीख पुन्हा भरावी लागते. मुख्य बॅटऱ्या अर्ध्या चार्जवर, बॉडीबाहेर ठेवतो. एफएम२चा फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर आत दाबलेला असावा. तो बाहेर राहिला तर मीटर चालू राहू शकतं.