मुक्कामाची उंची आधी, अंतर नंतर

लडाखमध्ये पायी फिरायचे असे मी, माझी 58 वर्षांची थोरली बहीण आणि तिचा मुलगा अशा तिघांनी ठरवले, तेव्हा माझ्या मनात मार्खा खोरेच होते. सह्याद्रीत अनेक वर्षे भटकल्यामुळे अंतर आणि चढाई पाहून वेळ काढण्याची मला सवय होती. सपाटीवर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास, हा 1892 साली नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने मांडलेला आडाखा धरून मी सहा दिवसांचा आराखडा केला, आणि कागदावर तो मला अगदी बिनचूक वाटला.

तो पुन्हा तपासताना मी वहीत अंतर आणि वेळ यांच्या शेजारी तिसरा रकाना आखला : रात्री झोपण्याची उंची. तो भरत गेलो तशी चूक समोर आली. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा सर्वमान्य सल्ला आहे. माझ्या आराखड्यात मात्र सुमारे 4,000 मीटरवरच्या हांकरहून आम्ही थेट 4,700 मीटरच्या वर असलेल्या निमालिंगला मुक्कामाला जाणार होतो आणि दुसऱ्याच सकाळी 5,000 मीटरहून उंच ‘कोंगमारू ला’ ही खिंड ओलांडणार होतो. विरळ हवेचा त्रास वाढला तर खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय असतो. पण निमालिंगहून पुढे उतरायचे तर आधी आणखी चढावे लागते. हे लक्षात आल्यावर ताईला तिथे घेऊन जाण्याची माझी हिंमत झाली नाही.

मग शाम भागातली वाट निवडली : लिकीर, यांगथांग, हेमिस शुक्पाचन आणि तेमिसगाम. या वाटेवरच्या खिंडी 4,000 मीटरच्या आत आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रात्रीचे मुक्काम जवळजवळ लेहच्याच, म्हणजे 3,500 मीटरच्या आसपासच्या उंचीवर पडतात आणि शेवटचे तेमिसगाम तर त्याहूनही खाली आहे. दिवसा चढायचे आणि झोपायला उतरायचे, हे इथे आपोआप जमते. प्रत्येक मुक्कामाहून बाहेर पडण्याची वाटही मी वहीत लिहून ठेवली. यांगथांगहून घळीतून रिझोंग गोंपाकडे, म्हणजे तिथल्या बौद्ध मठाकडे, उतरता येते आणि तिथून हमरस्ता गाठता येतो. भाच्याला 5,000 मीटरची खिंड हवी होती, त्यामुळे तो दोन दिवस नाराज होता. त्याचे मन मोडले याचे मला वाईट वाटले, पण निर्णय बदलला नाही.

लेहमध्ये विमानाने उतरल्यावर दोन पूर्ण दिवस आम्ही काहीही केले नाही. नेस्मिथच्या वेळेला मी दीडपट केले होते, तरीही पहिल्या दिवशी आम्ही त्यापेक्षा तासभर मागे पडलो.

खरी कसोटी यांगथांगला लागली. संध्याकाळी ताईचे डोके दुखू लागले आणि तिने ताट तसेच बाजूला सारले. राखीव दिवस मी मुद्दाम सहलीच्या शेवटी न ठेवता मध्ये ठेवला होता. शेवटी ठेवलेला दिवस परतीच्या विमानासाठी उपयोगी पडतो, आजारी माणसासाठी नाही. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाई, ज्यांना आम्ही तिथल्या रीतीप्रमाणे ‘आमा-ले’ म्हणत होतो, ताईपाशी बसून दर थोड्या वेळाने कोमट पाणी देत राहिल्या. लक्षणे असताना वर चढायचे नाही, आणि सकाळी त्रास वाढलेला दिसला तर रिझोंगकडे उतरायचे, हे मी दोघांनाही झोपण्यापूर्वी स्पष्ट सांगितले. सकाळी डोकेदुखी ओसरली होती. तरी तो पूर्ण दिवस आम्ही तिथेच काढला, आणि संध्याकाळी ताईने स्वतःहून जेवण मागून घेतले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या दिवशी हेमिस शुक्पाचनला पोचलो. या गावाच्या नावातला ‘शुक्पा’ म्हणजे जुनिपर. गावालगत त्याची जुनी झाडे उभी आहेत. सालीचे लांब धागे सुटलेल्या त्या खोडांपाशी ताई बराच वेळ थांबली आणि मी तिला घाई केली नाही.

तेमिसगामला गाडीची वाट पाहत असताना भाच्याने वही मागून घेतली आणि मार्खाचा आराखडा नव्याने मांडला. त्याने सहाऐवजी आठ दिवस धरले, हांकर आणि निमालिंग यांच्यामध्ये थाचुंगत्सेचा मुक्काम घातला आणि झोपण्याच्या उंचीचा रकाना सगळ्यांत आधी भरला.