नॉब सोडला की ज्योत विझायची

परभणीच्या थंडीबद्दल बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही. मराठवाडा म्हटलं की डोळ्यांपुढं येतो तो दुष्काळ आणि उन्हाळा. पण डिसेंबर-जानेवारीत इथल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा पेपरात पहिल्या पानावर येतो, आणि पहाटे हौदात हात घातला तर बोटं बधिर होतात. आमच्या घरी 74 वर्षांची आई आहे. पहाटे साडेपाचला अंघोळ आणि मग देवपूजा झाल्याशिवाय ती चहाचा घोट घेत नाही. तिच्या या नेमासाठी घरात गॅसचा गीझर आहे. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले तेव्हा, 1999 साली त्यांनी तो घेतला. तेव्हा लोडशेडिंग इतकं असायचं की विजेच्या गीझरचा विचारही कुणी करत नसे.

आताच्या गॅस गीझरमध्ये दोन जाड सेल असतात. नळ सोडला की टिकटिक होऊन तो पेटतो. आमचा त्याच्या आधीच्या पिढीतला. त्यात एक लहानशी ज्योत सतत जळत असते, तिला पायलट म्हणतात. नळ सोडला की पाण्याच्या दाबानं आतला रबरी पडदा सरकतो, मोठ्या बर्नरचा गॅस उघडतो आणि पायलटवरून भडका धरतो. ही लहान ज्योत नसली तर सगळंच ठप्प.

गेल्या डिसेंबरात एका पहाटे आईनं हाक मारली, "अरे, पाणी गारच यायलंय बघ."

पायलट विझलेली होती. नॉब दाबला, काडी लावली, ज्योत आली. नॉब सोडला, गेली. वीस आकडे मोजून सोडला, तीस मोजून सोडला, पूर्ण मिनिटभर अंगठा दाबून धरला. दाबलेला असेपर्यंत ज्योत जिवंत, सोडला की विझली. त्या दिवशी चुलीवरच्या पातेल्यातलं पाणी बादलीत ओतलं. आई काही बोलली नाही, पण सांधे धरलेल्या हातांनी ती बादली ओढताना मला बघवलं नाही.

हे असं का होतं, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पायलटच्या ज्योतीत बोटाच्या पेराएवढी एक धातूची कांडी उभी असते. ते थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंचा जोड तापला की त्यात थोडी वीज तयार होते. सीबेक या शास्त्रज्ञाला 1821 मध्ये हे सापडलं, आणि बारावीला आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. वीज किती, तर वीस-तीस मिलिव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकी. तेवढ्याशा विजेवर आतला एक चुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. त्याला झडप ओढून घेण्याची ताकद नसते, नुसतं धरून ठेवण्यापुरती असते. म्हणून पहिल्यांदा नॉब आपण दाबायचा, कांडी तापू द्यायची आणि मग चुंबकाच्या हवाली करायचा. ज्योत विझली की कांडी गार होते, वीज संपते, चुंबक झडप सोडून देतो आणि गॅस आपोआप बंद. ना बाहेरची वीज, ना सेल. त्या कांडीला घरात ज्योत आहे की नाही एवढंच कळतं, आणि तेवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी एक मेकॅनिक आला. तरुण पोरगा, हात चलाख. झाकणही न काढता म्हणाला, "सर, थर्मोकपल गेलंय. जुन्या मॉडेलचं आहे, मिळणार नाही. नॉब दाबून वरून तांब्याची तार बांधून देतो. पुन्हा विझायचा नाही. कितीतरी घरी करून दिलंय."

"आणि वाऱ्यानं ज्योत विझली तर?"

"वास येतोच की, सर."

वास येतो हे खरं आहे, त्यासाठीच एलपीजीत ते उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. पण एलपीजी हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, फरशीवर साचत राहतो. आईचं नाक हिवाळाभर सर्दीनं चोंदलेलं असतं. ती पहाटे बाथरूमचं दार लावून घेते, आणि अंघोळीआधी बाथरूमच्या देवळीत उदबत्ती लावायची तिची सवय आहे. मला ते चित्र डोळ्यांपुढं आलं आणि पोटात गोळा उठला. त्याला येण्याजाण्याचे पैसे दिले आणि तार बांधू दिली नाही.

तुराबुल हक दर्ग्याच्या रस्त्याला एका चाचांचं लहानसं दुकान आहे. पूर्वी लग्नकार्यात लागणाऱ्या गॅसबत्त्या आणि रॉकेलचे स्टोव्ह दुरुस्त करायचे, आता हॉटेलांच्या शेगड्या करतात. त्यांना नॉबची गोष्ट सांगितली. ते हातातलं काम न थांबवता म्हणाले, "चीज खराब नै साब. चीज अपना काम कर रई. ज्योत में कुछ है."

संध्याकाळी ते घरी आले. आल्या आल्या गीझरला हात लावला नाही. आधी वर बघितलं. गीझरच्या डोक्यावर भिंतीला आणि छताला ताटाएवढं काळं वर्तुळ होतं. दोन हिवाळे ते तिथं होतं. दिवाळीच्या रंगरंगोटीत एकदा चुना मारला, पुन्हा आलं. मला तो ओलीचा डाग वाटायचा. चाचांनी स्टुलावर चढून त्यावर बोट फिरवलं आणि बोट माझ्यापुढं धरलं. काजळी. मग त्यांनी मला नॉब दाबून पायलट पेटवायला लावली आणि बाथरूमचा दिवा बंद केला. अंधारात ज्योत नीट दिसली. निळी असायला हवी ती पिवळी होती, टोकाला लाल. कांडीला वेढून बसायच्या ऐवजी आळसावल्यासारखी वर वळत होती, कांडीला जेमतेम चाटून जात होती.

"अंदर नहाता कौन है?"

मी म्हणालो, आई.

"सर में दर्द बोलतीं?"

त्या क्षणी मला काही सुचेना. मागच्या हिवाळ्यात आई दोन-तीनदा म्हणाली होती, अंघोळ करून आलं की डोकं धरायलंय, मळमळायलंय. आम्ही बीपीची गोळी बदलून आणली होती. गॅस अर्धवट जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तात तो ऑक्सिजनची जागा घेऊन बसतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही त्याची पहिली लक्षणं. माणसाला वाटतं थकवा आला, आणि तो तिथंच टेकतो. दर हिवाळ्यात गीझरमुळे बाथरूममध्ये माणसं गेल्याच्या बातम्या मी वाचत होतो. त्या बातम्या आणि आमच्या भिंतीवरचं वर्तुळ मी कधी एकमेकांशी जोडलंच नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

चाचांनी सिलिंडर बंद केला, गीझर भिंतीवरून उतरवून अंगणात पोत्यावर आडवा ठेवला. पायलटच्या नळीला बाजूनं हवा आत यायला एक भोक असतं. त्यात कोळ्याचं जाळं होतं, आणि त्या जाळ्यात धूळ, कपड्यांचे तंतू, एक वाळलेलं चिलट. हवा कमी पडली की ज्योत पिवळी पडते, इतकं साधं कारण. पुढच्या जेटचं भोकही निम्मं बुजलेलं. मी घरातली जुनी स्टोव्हची पिन शोधून आणली तर त्यांनी ती हातातून काढून घेतली. जेट पितळेचा, मऊ. पिन घातली की भोक मोठं होतं, आणि मग गॅस जास्त येऊन ज्योत पुन्हा पिवळीच. त्यांनी जेट थिनरमध्ये भिजत टाकला आणि अर्ध्या तासानं सायकलच्या पंपानं हवा मारून साफ केला. मोठ्या बर्नरच्या फटी आणि वरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधला कचरा ब्रशनं काढला, वाटीभर निघाला. बोअरच्या पाण्याचा क्षार आतल्या नळीत बसलेला होताच. लिंबूसत्वाचं पाणी तासभर भरून ठेवलं तेव्हा तो सुटला.

गॅस जोडल्यावर त्यांनी प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. नारंगी नळीवरची तारीख वाचली आणि ती कात्रीनं मधोमध कापूनच टाकली, म्हणजे मी पुन्हा लावू नये. पाच वर्षांनी बदलायची नळी आमच्याकडं सात वर्षं चालली होती.

ज्योत आता निळी आली, कांडीला धरून. चाळीस आकडे मोजून नॉब सोडला. राहिली! आईला हाक मारली, ती बघून गेली. पण दहा मिनिटांनी बारीकसा "टक्" आवाज झाला आणि पुन्हा अंधार.

आता मात्र दोष कांडीचाच असणार, पण चाचा नुसत्या अंदाजावर बदलायला तयार नव्हते. थर्मोकपलचं दुसरं टोक झडपेच्या मागं नटानं बसवलेलं असतं. ते सोडवून त्यांनी बारीक पॉलिश पेपरनं पुसलं, कारण इतक्या कमी विजेला थोडा गंजही अडवतो. तरी तेच. मग आयटीआयला शिकणाऱ्या भाच्याकडून मी मल्टिमीटर आणला. कांडी ज्योतीत मिनिटभर तापवून मोजलं तर 11 मिलिव्होल्ट. टोकाचा धातू जळून खडबडीत झाला होता, नखानं खपली निघत होती.

परभणीत मिळालं नाही. सकाळच्या गाडीनं नांदेडला गेलो. तिथं हॉटेलच्या भट्ट्या आणि तळणीच्या यंत्रांचं सामान विकणारं एक दुकान होतं, त्यांच्याकडं थर्मोकपलांचा डबाच होता. जुनं सोबत नेलं होतं म्हणून काम झालं. वरून सगळी सारखी दिसतात, पण नटाचे आटे वेगळे असतात, 8, 9 आणि 10 मिलिमीटरचे, आणि तारेची लांबीही वेगळी. आमचं निघालं 9 चं, 600 मिलिमीटर लांब. 280 रुपये. दुकानदारानं एकच बजावलं, की तांब्याची तार कुठं काटकोनात मोडू नका, गोल वळवा. घरी येऊन मोजलं, 27 मिलिव्होल्ट. नट हातानं घट्ट केला आणि पान्यानं फक्त पाव फेरा. जास्त आवळला तर आतलं इन्सुलेशन चेपतं.

पण गीझर पुन्हा बाथरूममध्ये टांगायला चाचांनी साफ नकार दिला. "लगा के देता, मगर अंदर नै." मी खिडकी मोठी करतो म्हणालो, तरी ऐकेनात. थंडीत म्हातारं माणूस खिडकी लावूनच घेणार, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. प्लंबरला बोलावून भिंतीला भोक पाडलं, गीझर मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाच्या वर बसवला आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप घेतला. उत्तरेचा वारा पायलट विझवायचा, म्हणून त्या बाजूनं पत्रा लावला. खालून, वरून आणि समोरून मोकळं. दुरुस्तीला जेवढा खर्च आला त्याच्या चौपट या हलवाहलवीला आला, आणि तोच सगळ्यांत योग्य ठिकाणी गेला असं मला वाटतं.

आता रात्री पायलट बंद ठेवतो. पहाटे सव्वापाचला मी अंगणात जातो, नॉब दाबतो, चाळीस आकडे मोजतो. ज्योतीचा रंग बघितल्याशिवाय आत येत नाही. तो हिवाळा सरला, आईनं अंघोळीनंतर डोकं धरल्याचं एकदाही सांगितलं नाही. बाथरूमच्या छताला पुन्हा चुना मारला, तो पांढराच आहे.

अण्णांनी गीझर घेतला तेव्हा शेजारच्या काकांनीही तसाच घेतला होता, एकाच दुकानातून. संक्रांतीला आई तिळगूळ घेऊन त्यांच्याकडं निघाली तेव्हा मीही गेलो आणि काकूंना म्हटलं, जरा तुमचं बाथरूम बघू का. नॉबवर तांब्याची तार होती, तीन वेढे, पिळून पक्की केलेली. मी आधी स्वयंपाकघराच्या मागं जाऊन त्यांचा सिलिंडर बंद केला. मग काकूंना बोलावून ती तार दाखवली, आणि तिथूनच चाचांना फोन लावला.