पेटीवर काही ठेवू नका

पेटीवर कुणी काही ठेवलं की माझं डोकं फिरतं. इस्त्रीचे कपडे, लाइटबिल, रद्दी, काहीही. भात्याची ती पेटी, म्हणजे हार्मोनियम, हे एक बसकं टेबल आहे, असा आमच्या घरच्यांचा समज आहे. परवा दुपारी तर तिच्यावर ताट ठेवून चक्क कुरडया वाळत घातल्या होत्या, पंख्याखाली. मी आवाज चढवला, तर आतून आई म्हणाली, "तुझो बापूस असोच होतो."

बाबा भजनी बुवा होते. मूळचे कणकवलीकडचे, बिऱ्हाड लालबागच्या चाळीत, नोकरी गिरणीत. 1982 च्या संपात गिरणी गेली, बुवापण तेवढं उरलं. गणपतीत गावी गेलं की रात्री डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, ठरलेली. इकडे हे बुवा, तिकडे ते बुवा, आणि मध्ये कान टवकारून बसलेलं अख्खं गाव. मी पखवाजवाल्याच्या मागे, पेटीच्या रिकाम्या खोक्यावर पेंगत असायचो. गजर सुरू झाला की झांजेने दचकून उठायचो. समोर बाबांचा डावा हात दिसायचा. त्यांच्या बोटात चांदीची अंगठी होती, आणि भाता मारताना ती लाकडावर टक, टक वाजायची. ठेका मी आधी त्या अंगठीकडून शिकलो, पखवाजाकडून नंतर.

आई मात्र असल्या भानगडीत कधी पडली नाही. कशी पडेल? चाळीत भजन म्हणजे वीस माणसांचा चहा, आणि दूध कायम आमच्या घरचं.

मी बाबांच्या पुढे जायचं म्हणून ऑर्केस्ट्रात गेलो. कीबोर्ड. हळदी, नवरात्र, कंपन्यांची स्नेहसंमेलनं. बरं चाललं होतं. मग एक पोरगा लॅपटॉप घेऊन उभा राहिला आणि ट्रॅक लावून गायला लागला. सहा वादकांचे पैसे वाचले, त्याला कोण नाही म्हणेल? लॉकडाऊनने उरलंसुरलं नेलं. कीबोर्ड विकला. पेटी विकली नाही. ती बाबांची होती म्हणून, आणि खरं सांगायचं तर तिला कुणी भावही दिला नाही म्हणून.

आता आम्ही डोंबिवलीत. सोसायटीत बायकांचं भजनी मंडळ आहे. त्यांच्या पेटीवाल्या काकू लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेल्या आणि आईने मला न विचारता सांगून टाकलं, "आमचा बसलाय घरीच." बाबा गेल्यावर ती मंडळात जायला लागली होती, हे ठाऊक होतं. ती तिथे गवळण धरते, हे मला पहिल्या मंगळवारी कळलं. डोळे मिटून, मान किंचित डावीकडे. बाबांची मान अशीच असायची. इतकी वर्षं चहा गाळता गाळता ती सगळं ऐकत होती म्हणायची.

आता सुराचं. गवळण सुरू होते काळी चारात, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात. दुसऱ्या अंतऱ्याला पांढरी सहाच्या आसपास असते, आणि मधला बराच वेळ अशा जागी असते जिथे पेटीला पट्टीच नाही. पेटीला मींड येत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आणि श्रुती, म्हणजे दोन पट्ट्यांमधले बारीक सूर, येत नाहीत, म्हणून 1940 च्या मार्चमध्ये आकाशवाणीने तिला बाहेर काढलं होतं, तीसेक वर्षं. ज्या गोविंदराव टेंब्यांनी ही पेटी मैफलीत मानाने बसवली, त्यांच्या हयातीत. मी पेटीवाल्यांच्या बाजूचा, त्यामुळे मला तो अन्यायच वाटायचा. आमच्या मंडळात बसल्यापासून आकाशवाणीची बाजूही थोडी कळते. या बायका निम्मा वेळ त्या श्रुतींमध्येच राहतात.

पहिल्यांदा मी जोरात भाता मारून त्यांना जागेवर आणायला गेलो. कुणी ढिम्म हललं नाही. मग सूर अर्धा सोडून नुसती पुढची ओळ कुठे जातेय ते ऐकत बसलो. स्टेजवर कानात मॉनिटर असायचा आणि त्यात मला माझाच कीबोर्ड मोठा हवा असायचा. इथे माझी पेटी मलाच ऐकू येत नाही, टाळ इतके आहेत. तरी मंगळवार आला की दुपारपासून बोटं चाळवतात. मुलगीही येऊन बसते. प्रसादाच्या शिऱ्यासाठी, असं ती म्हणते; पण परवा तिने टाळ बरोबर समेवर टाकला आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

वास्तुशांतीची सुपारी असली की पाकीट सगळ्यांना सारखं मिळतं. खजिनदार काकू वहीत सही घेतात, माझीसुद्धा.

सध्या अडचण एवढीच आहे की काळी चारचा सूर बोलत नाहीये. दुरुस्तीवाला म्हणतो, गणपती झाल्यावर आणा. मंडळात सांगितलं, तर कुणाला काही विशेष वाटलं नाही. "मग काळी पाचात घेऊ," काकू म्हणाल्या. घ्या. तशाही त्या काळी चारात थांबत कुठे होत्या!