बाईंच्या गाडीतलं ते बटण

वाईत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. सेल्फ, डायनामो, वायरिंग, हॉर्न, हेच रोजचं काम. पण मे महिन्यातल्या त्या शनिवारचं काम डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतोय.

सकाळी साडेनऊला फोन आला, पसरणी घाटात गाडी बंद पडलीय, बॉनेटमधून वाफ येतेय. फोन बाईंचा होता. मी चौथीत असताना वर्गशिक्षिका होत्या, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण १९९८ ची मारुती ८०० अजून स्वतः चालवतात, रीपासिंग वेळेवर, गाडी एकदम स्वच्छ. पाचगणीला त्यांची बहीण असते, आठवड्यातून एकदा तिची औषधं घेऊन जातात. मी म्हटलं बाई आहे तिथेच थांबा, कॅप उघडू नका, गरम इंजिनावर गार पाणी ओतू नका, मी टोचन घेऊन आलोच. तर म्हणाल्या, ‘अरे इथला एक जण मघापासून कॅप उघडा म्हणतोय पण मी हातसुद्धा लावू दिला नाही त्याला.’ ते ऐकून मला हायसं वाटलं, कारण तापलेल्या रेडिएटरची कॅप उघडली की दाबाखालचं पाणी एकदम उसळून तोंडावर येतं, तशी भाजलेली माणसं मी पाहिलीत.

शनिवार, त्यात मे, पुण्या-मुंबईच्या गाड्यांची घाटात रांगच्या रांग. बाई कठड्याला लागून सावलीत उभ्या होत्या, चेहरा उतरलेला. मी जवळ गेलो तर पहिलं वाक्य काय, ‘माझंच चुकलं रे, बटण चालू करायला विसरले.’

कुठलं बटण ते मला लगेच कळलं नाही. गाडी टोचन करून गॅरेजला आणली, बॉनेट उघडलं, डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि बघतो तर स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला एक काळं टॉगल बटण, त्यातून निघालेली निळी वायर, आणि जॉइंटवर आधी सोल्डर, मग स्लीव्ह, वरून कापडी टेप. आमच्या भागात असा जॉइंट मी एकटाच करतो. दोन वर्षांपूर्वी मीच बसवलेलं बटण होतं ते.

मग सगळं आठवलं. तेव्हा रेडिएटरचा फॅन लागत नाही म्हणून गाडी आली होती. या कार्ब्युरेटरवाल्या ८०० मध्ये फॅन चालू-बंद करायला पाण्यात बसणारा एक थर्मो स्विच असतो, पाणी ठरावीक तापलं की आतला कॉन्टॅक्ट जुळतो आणि फॅन लागतो, गार झालं की सुटतो. तो गेला होता आणि काढताना तो बसतो ती सीटच, म्हणजे जागाच चिरली. बाईंना दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं होतं. मी त्या जागी बोल्ट मारून सील केला, फॅनला डायरेक्ट वायर टाकली आणि मध्ये एक बटण दिलं. अर्ध्या तासाचं काम, २५० रुपये घेतले. वर सांगितलं, बाई घाटात आणि ट्रॅफिकमध्ये चालू करायचं, एरवी बंद ठेवा, बॅटरी वाचेल. हे सांगताना मला अजिबात काही खटकलं नव्हतं, आमच्या धंद्यात फॅन डायरेक्ट करणं इतकं रोजचं आहे की कुणी त्याला दुरुस्ती म्हणावं का नाही असा विचारसुद्धा करत नाही.

आता बघा त्या दिवशी काय झालं. गाडी पन्नासच्या पुढे पळत असते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर गार ठेवतो, फॅनची गरज जवळजवळ नसते. गरज कधी, तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना आणि जाममध्ये उभं राहिल्यावर. आणि नेमकं त्याच वेळी चालवणाऱ्याचं सगळं लक्ष पुढच्या बसच्या मागच्या चाकाकडे, क्लचकडे आणि गाडी मागे घसरते का याकडे असतं, टेम्परेचरचा काटा कोण बघणार. म्हणजे मी बाईंना जी गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती ती अशा वेळी लक्षात राहूच शकत नाही. आणि त्या म्हणत होत्या माझं चुकलं.

मी त्यांना सांगून टाकलं, बाई चूक तुमची नाही, हे बटण मी बसवलंय आणि ते असं बसवायलाच नको होतं. त्या काही बोलल्या नाहीत, स्टुलावर बसल्या, पोऱ्याने चहा आणला.

आधी इंजिन गार होऊ दिलं. शेजारच्या मिस्त्रींना बोलावलं, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, उडालं असेल ही मोठी भीती होती. ऑइल बघितलं, दुधाळ नाही, म्हणजे त्यात पाणी शिरलेलं नाही. पाणी भरून चालू केलं, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे नाहीत, कॉम्प्रेशन व्यवस्थित. काटा लालमध्ये गेलेला दिसताच बाईंनी गाडी बंद केली होती, म्हणून इंजिन वाचलं, पाच मिनिटं अजून ओढली असती तर हेड गेलंच असतं.

साताऱ्याच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन करून सामान एसटीने मागवलं, ९२ डिग्रीला लागणारा आणि ८७ ला सुटणारा स्विच, आणि जुनी सीट गेलेली असल्याने वरच्या होस पाइपमध्ये बसणारा अॅल्युमिनियमचा अडॅप्टर. हा ९२-८७ चा फरक लोकांना किरकोळ वाटतो पण तोच महत्त्वाचा आहे, दोन्ही आकडे एकच असते तर फॅन सारखा लागला-सुटला असता आणि कॉन्टॅक्ट जळून गेले असते. आणि सुटायचा आकडा थर्मोस्टॅट वॉल्वच्या, म्हणजे तापलेलं पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या वॉल्वच्या वर पाहिजे, वॉल्व ८२ ला उघडतो आणि स्विच ८० ला सुटणारा घेतला तर फॅन बंद होणारच नाही.

नवीन सामान म्हणून डोळे झाकून बसवायचं नाही हे मी ठरवलं होतं. गॅसवर पातेलं ठेवलं, पाणी, थर्मामीटर, त्यात तारेला बांधून स्विच आणि गाडीचा वॉल्व दोन्ही सोडले, स्विचला मल्टीमीटर लावून बीपवर ठेवला, म्हणजे कॉन्टॅक्ट जुळला की वाजेल. बाई उठून जवळ आल्या, चष्मा लावला आणि थर्मामीटर स्वतःच वाचायला लागल्या. ८२ ला वॉल्व हळूहळू उघडायला लागला, ९३ ला बीप वाजला. गॅस बंद केला, ८७ ला बीप थांबला. एक डिग्री इकडेतिकडे, चालतं.

बाईंनी विचारलं पाणी तर शंभरला उकळतं ना, मग सात-आठ डिग्रीच राहिल्या की. प्रश्न अगदी बरोबर होता, उलट पाचगणी जवळजवळ १३०० मीटरवर, तिथे उघडं पाणी ९६ च्या आसपासच उकळतं. गाडीत ते उकळत नाही कारण कॅप दाब धरून ठेवते, ०.९ बारची चांगली कॅप असेल तर उकळायची रेषा ११५ च्या पुढे जाते, कूलंट असेल तर अजून वर. बाईंच्या गाडीची कॅप काढून पाहिली तर रबर कडक होऊन चिरलेलं, दाब धरतच नव्हती. म्हणजे घाटात वर जाईल तसं पाणी लवकर उकळणार, फॅन लागला तरी हाताशी फारच थोड्या डिग्री राहणार. कॅप नवीन टाकली, होसच्या क्लिपा बदलल्या, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड पाणी भरलं.

वायरिंग यावेळी मनापासून केलं. फॅनचा करंट चालताना सात-आठ अँपिअर, पण सुरू होताना कितीतरी पट जास्त, तो छोट्या स्विचमधून न्यायचा नाही, मध्ये रिले पाहिजे, म्हणजे थोड्या करंटवर ओढला जाऊन मोठा करंट जोडणारा स्विच. बॅटरीवरून २० अँपिअरचा फ्यूज, तिथून जाड वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर, ८७ नंबरच्या पिनवरून फॅन. ८६ ला इग्निशनचा करंट, म्हणजे चावी काढली की फॅन बंद, बॅटरी उतरायला नको. ८५ वरून वायर थर्मो स्विचला, स्विच तापला की ती अर्थ होते आणि रिले ओढतो. रिलेचं तोंड खाली ठेवलं, पावसाचं पाणी आत साचू नये म्हणून, वाईच्या पुढे जुलैमध्ये काय पाऊस असतो ते सांगायला नको.

इंजिन चालू केलं, हीटर गरमवर ठेवून हवा काढली, कारण स्विचभोवती हवेचा फुगा राहिला तर पाणी उकळलं तरी स्विचला पत्ता लागत नाही. काटा चढायला लागला. अर्धा झाला, अर्ध्याच्या वर गेला, वरचा होस हाताला सोसवेना, आणि फॅन लागेना. मी गाडी बंद केली, घशाला कोरड पडली. बाई समोर बसलेल्या.

मीटर लावला. अडॅप्टर दोन्हीकडून रबरी होसमध्ये असतो, त्याला बॉडीची अर्थ मिळत नाही, हे माहीत होतं म्हणून मी वेगळी अर्थ वायर दिली होती, पण ती ज्या बोल्टखाली घेतली होती तिथे रंगाचा जाड थर. बोल्ट घट्ट, वायर दिसायला पक्की, आणि करंटला रस्ताच नाही. वायर तिथून काढली, थेट इंजिन ब्लॉकवर घासलेल्या जागी थिंबल मारून आवळली आणि परत चालू केलं. या वेळी काटा मध्याच्या जरा वर आला आणि टक, खर्रर्र, फॅन लागला. रेडिएटरसमोर वहीचं पान धरलं, ते आत ओढलं जाऊन जाळीला चिकटलं, म्हणजे वाराही योग्य दिशेने. दोन-तीन मिनिटांनी फॅन आपोआप सुटला. असं पाच वेळा लागू-सुटू दिलं.

बाई म्हणाल्या ते बटण मात्र काढू नकोस, मला सवय झालीय. मी बटण ठेवलं पण थर्मो स्विचला पॅरलल जोडलं, त्याने फॅन जास्तीचा चालू करता येतो पण स्विचने लावलेला फॅन बंद करता येत नाही. शेजारी एक छोटा हिरवा दिवा दिला, फॅन लागला की पेटतो.

साडेपाचला आम्ही घाटात गेलो, बाई चालवत होत्या, मी शेजारी. खाली धोम धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं, उतरणाऱ्या गाड्यांची गर्दी आणि सकाळसारखीच रांग. एका वळणावर दहा मिनिटं जागचे हललो नाही. बाईंचा हात बटणाकडे गेला, मी म्हटलं राहू द्या. कुणीच काही बोललं नाही, दोघंही त्या हिरव्या दिव्याकडे बघत बसलो. दिवा लागला. मग विझला. मग पुन्हा लागला तेव्हा बाईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि मला विचारलं, ‘अजून किती जणांना दिलीयस रे असली बटणं?’

रात्री घरी जाऊन जुन्या बिलांच्या वह्या काढल्या. नऊ गाड्या निघाल्या. दुसऱ्या दिवसापासून एकेकाला फोन करतोय, सामानाचे पैसे द्या, मजुरी घेणार नाही. आत्तापर्यंत चार येऊन गेल्या, दोघं पुढच्या आठवड्यात येतो म्हणालेत, दोघांचे नंबर लागत नाहीत. एक ओम्नी विकली गेलीय, सुरूरकडे कुणाकडे तरी आहे म्हणतात, उद्या तिकडे एक काम आहे तेव्हा चौकशी करून येणार आहे.