नकाराला उत्तर मानणारी शिक्षिका

मी श्रोणीतळाच्या, म्हणजे पेल्विक फ्लोअरच्या, स्नायूंवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. शरीरसंबंधांच्या वेळी तीव्र वेदना होणाऱ्या स्त्रिया माझ्याकडे येतात आणि त्यांतील अनेकींना व्हॅजिनिस्मस असल्याचे निदान आधीच झालेले असते. या त्रासात योनीभोवतीचे स्नायू इच्छा नसताना आवळले जातात आणि साधी वैद्यकीय तपासणीसुद्धा अशक्य होऊन बसते. ज्या बाईंविषयी मी लिहीत आहे, त्यांची प्रगती माझ्या नोंदींनुसार उत्तम होती. श्वसन, स्नायू सैल सोडण्याचा सराव आणि क्रमाने मोठे होत जाणारे डायलेटर (योनीला आत काही असण्याची सवय व्हावी म्हणून वापरायची गुळगुळीत नळीसारखी साधने) या नेहमीच्या मार्गाने त्या जवळजवळ शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचल्या होत्या. तरीही एका भेटीत त्या म्हणाल्या, "हे सगळं मला जमतं, पण त्या वेळी मी तिथे नसते. दात काढून घेताना माणूस बसतो, तशी मी बसून राहते."

स्पर्श, लैंगिकता आणि ध्यान यांची सांगड घालून शिकवणाऱ्या एका शिक्षिकेकडे आपण जाऊ लागलो आहोत आणि मी त्यांना भेटावे अशी आपली इच्छा आहे, असे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितले. मी सावध झाले, आणि त्याला कारण होते. याच बाई पूर्वी एका शिबिराला गेल्या होत्या. तिथल्या मार्गदर्शकाने त्यांच्या ओटीपोटावर हात ठेवला, त्यांचे अंग ताठरले, तेव्हा "ही तुमची अडलेली ऊर्जा आहे, तिच्या आड येऊ नका," असे सांगून त्याने हात तसाच ठेवला. बाईंनी ते निमूटपणे सोसले आणि घरी परतल्यावर त्यांचा त्रास वाढला.

या भाषेचे मूळ मला ठाऊक आहे. फ्रॉइडच्या वर्तुळातून पुढे आलेला मनोविश्लेषक व्हिल्हेल्म राइख (1897–1957) याने असे मांडले होते की दडपलेल्या भावना स्नायूंच्या कायमच्या ताणात साठतात आणि शरीरावर जणू चिलखत चढते. भय आणि स्नायूंचा ताण यांचे नाते मी रोज पाहते, त्यामुळे या विचाराचा काही भाग मला पटतो. पण ताणाला एकदा चिलखत म्हटले की ते फोडणे हे पुण्यकर्म वाटू लागते, आणि समोरची व्यक्ती "नको" म्हणाली तर तो तिचा निर्णय न राहता तिच्या आजाराचे लक्षण ठरतो. शरीर, कामभावना आणि अध्यात्म यांच्या नावाने काम करणाऱ्या शिक्षकांच्या हातून जे गंभीर अपराध घडतात, त्यांतील कितीतरी याच एका युक्तिवादाच्या आडोशाने घडतात, असे माझे ठाम मत आहे.

शिक्षिका भेटल्या तेव्हा आपली विद्या प्राचीन असल्याचा दावा त्यांनी केला नाही, हे मला सर्वप्रथम आवडले. काश्मीरचे शैव आचार्य अभिनवगुप्त यांच्या तंत्रालोकासारख्या, सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाचा बहुतांश भाग मंत्र, दीक्षा, उपासना आणि ज्ञान यांनी व्यापलेला आहे. आज तंत्राच्या नावाने चालणारी मालिश व श्वसनाची शिबिरे मुख्यतः विसाव्या शतकातील पाश्चात्त्य प्रयोगांतून घडली आहेत, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. त्यांची परंपरा जोसेफ क्रेमर यांच्यापर्यंत जाते. पूर्वी जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात राहिलेल्या क्रेमर यांनी 1984 मध्ये कॅलिफोर्नियातील ऑकलंड येथे बॉडी इलेक्ट्रिक स्कूल सुरू केले. एड्सच्या साथीने शरीराच्या जवळिकीचीच दहशत बसलेल्या पुरुषांना तिथे श्वास, मालिश आणि विधी यांच्या आधाराने स्पर्श पुन्हा शिकता आला. पुढे त्याच वाटेवर सेक्सॉलॉजिकल बॉडीवर्क नावाची शाखा तयार झाली. तिचा नियम असा की स्पर्श एकाच दिशेने जातो, शिकवणारी व्यक्ती पूर्ण कपड्यांत राहते आणि स्वतः स्पर्श घेत नाही.

बाईंच्या संमतीने मी त्यांच्या एका सत्राला उपस्थित राहिले. त्या कपड्यांनिशी आडव्या झाल्या होत्या आणि शिक्षिका हाताच्या अंतरावर बसल्या होत्या. "हात कुठे हवा आहे?" या प्रश्नावर बाईंनी बराच वेळ घेतला आणि खांदा सांगितला. हात ठेवला गेला. काही क्षणांत त्या म्हणाल्या, "काढा." हात त्याच क्षणी उचलला गेला. का, काय झाले, असे काहीही विचारले गेले नाही आणि चेहऱ्यावर नाराजीची छटाही नव्हती. मग पुन्हा खांदा, पुन्हा "काढा", नंतर मनगट, आणि पुन्हा "काढा". सत्राचा बहुतेक वेळ यातच गेला. बाहेरच्या माणसाला हे कंटाळवाणे वाटले असते. माझी नजर मात्र त्यांच्या श्वासावरून हलत नव्हती. सुरुवातीला केवळ छातीच्या वरच्या भागात अडकलेला श्वास हळूहळू पोटापर्यंत उतरला. श्वास आत घेताना छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा खाली सरकतो आणि त्याच्यासोबत श्रोणीतळाचे स्नायूही किंचित खाली उतरून सैलावतात. हा समन्वय मी शब्दांनी आणि आकृत्यांनी शिकवते. इथे श्वासाविषयी एकही सूचना दिली गेली नव्हती. शेवटी बाईंनी हात ओटीपोटावर मागितला, जिथे तो पूर्वी त्यांच्या मनाविरुद्ध ठेवला गेला होता. त्या रडल्या. तो हात दाबत नव्हता की सरकत नव्हता. पुढे त्यांनी खणखणीत आवाजात "आता काढा" म्हटले आणि तो निघाला.

शिक्षिकेने त्यांना स्वतःचे दोन्ही तळवे पोटावर ठेवून शरीराला नमस्कार करायला सांगितले. देह ही लपवण्याची गोष्ट आहे असेच आजवर ऐकत आलेल्या त्या बाईंना तिथे पूज्यभाव अनुभवता आला. माझ्याकडे स्नायूंची ताकद मोजण्याच्या श्रेणी आहेत, पण हे देण्याचे कोणतेही साधन माझ्या विद्येत नाही, आणि ते अनावश्यक आहे असे मी म्हणू शकत नाही.

नंतर आम्ही दोघी बराच वेळ बोललो. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी 1970 मध्ये मांडलेल्या उपचारातही जोडप्यांना सुरुवातीला संभोगाची मनाई करून केवळ स्पर्शाचे पाठ दिले जात, कारण काही साध्य करून दाखवण्याचे दडपण दूर झाल्याशिवाय शरीर मोकळे होत नाही; शिक्षिकेच्या कामाचे मूळ मला तिथे दिसले. जलद श्वसनाने हातांना येणाऱ्या मुंग्यांना त्या ऊर्जा म्हणतात, तर मी रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटल्याचा परिणाम म्हणते. त्यावर आमचे एकमत झाले नाही, पण अशा मुंग्या येऊ शकतात हे आधीच सांगण्याचे त्यांनी मान्य केले. मग मी सर्वांत महत्त्वाचे विचारले : त्यांच्या स्वतःच्या मनात आकर्षण निर्माण झाले तर? त्यांनी नजर चुकवली नाही. त्या एका ज्येष्ठ शिक्षिकेच्या देखरेखीखाली काम करतात, अशा भावना तिथे बोलून दाखवतात आणि गरज पडल्यास त्या व्यक्तीला दुसरीकडे पाठवतात. शिकायला येणाऱ्या कोणाशीही त्या शारीरिक संबंध ठेवत नाहीत.

पुढच्या भेटीत मी हातमोजे घालण्याआधीच बाई म्हणाल्या, "आज तपासणी नको." आम्ही ती केली नाही. डायलेटरचा सराव काही काळ थांबवून, त्या स्वतः सांगतील तेव्हा लहान आकारापासून पुन्हा सुरू करायचा असे ठरले. आम्ही तिघींनी मिळून एक लेखी आराखडाही केला : आतील तपासणी केवळ मी करेन, शिक्षिका बाह्य स्पर्श आणि ध्यान यांपुरत्या राहतील, आणि नव्या वेदना जाणवल्यास कोणतेही सत्र घेण्याआधी एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) किंवा संसर्ग नाही ना, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतले जाईल.