तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेमुळे नाही

यंदा अधिक ज्येष्ठ आला, दिवाळी नोव्हेंबरात गेली, आणि लोकांच्या हिशेबाने मला हातात जास्तीचे दिवस मिळाले. त्यामुळे विचारणा पावसाळ्याच्या तोंडालाच सुरू झाली. 'परदेशी फराळ का बंद केलास?' 'टपाल सुरू झालंय ना आता?' 'चालता धंदा असा कोणी अर्ध्यावर आणतं का?' जाऊबाई विचारतात, तेलाचा दुकानदार विचारतो, लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकू विचारतात. मी सगळ्यांना एकच शब्द देत आले, टॅरिफ. या शब्दाची मोठी सोय आहे. समोरचा लगेच मान हलवतो, ट्रम्पला दोन शिव्या घालतो आणि विषय संपतो.

टॅरिफ खोटं नाही, हे आधी सांगून ठेवते. गेल्या वर्षी 25 ऑगस्टपासून आपल्या टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं. 800 डॉलरपर्यंतच्या मालाला तिकडे जकात लागत नसे, ती सवलत 29 तारखेला संपणार होती. नवी जकात कोणी गोळा करायची आणि कुठे भरायची याचा कोणालाच पत्ता नव्हता, विमान कंपन्या टपाल उचलायला तयार नव्हत्या. सुरुवातीला 100 डॉलरच्या आतल्या भेटवस्तू चालतील म्हणाले. एका एजंटने लगेच सुचवलं, "ताई, गिफ्ट लिहा आणि सोडून द्या." मी लिहिणार होते, खोटं कशाला बोलू. महिनाअखेरीस तेही दार बंद झालं म्हणून हात स्वच्छ राहिले, एवढंच. टपाल परत सुरू झालं ते 15 ऑक्टोबरला, तेही जाहीर किमतीवर 50 टक्के जकात इथेच आधी भरून. लक्ष्मीपूजन होतं 21 ला. डोंबिवलीचा डबा सहा दिवसांत न्यू जर्सीला पोचवायला पुष्पक विमानच लागलं असतं.

माझ्याकडे 41 जणांचे प्रत्येकी 3,000 रुपये ॲडव्हान्स होते, आणि ते खर्च झालेले होते. आता तुम्ही म्हणाल, ॲडव्हान्स खर्च कसा केलास? त्याच्या आदल्या वर्षीच्या शहाणपणाने केला. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरची मूळ आयात जकात शून्याची 20 टक्के झाली, ऐन दिवाळीत तेल भडकलं आणि माझा नफा कढईतच आटला. तेव्हा मी कानाला खडा लावला होता की पैसे आधी घ्यायचे आणि तेल, काजू, डबे ऑगस्टमध्येच भरून ठेवायचे. शिकले ते बरोबर होतं. फक्त पुढच्या वर्षी प्रश्नपत्रिका वेगळी आली.

नऊ जणी म्हणाल्या, पैसे राहू दे, डबा आईबाबांना पाठव. साताऱ्याला, नाशिकला, एक तर माझ्याच गल्लीत. उरलेल्या 32 जणींचे 96,000 परत द्यायचे होते. मी ते सगळे दिले, दसऱ्याच्या आत. हे मी वारंवार सांगते आणि पुढेही सांगेन, कारण मागून जे सांगणार आहे त्यात माझ्या बाजूने सांगण्यासारखं फारसं नाही.

भोक बुजवायला मी एका कंपनीची ऑर्डर घेतली. कर्मचाऱ्यांना वाटायचे 250 डबे, 640 रुपयांना एक, 13 ऑक्टोबरच्या आत. 22 सप्टेंबरला नमकीनवरचा जीएसटी 12 वरून 5 वर आला, तर त्यांच्या खरेदीवाल्याने तेवढे तर सोडवून घेतलेच, वर आणखी वीस रुपये कापले. मी हो म्हणाले. तेव्हा मी कशालाही हो म्हणाले असते.

आता मावशी.

मावशी पहिल्या वर्षापासून माझ्याकडे. खरं तर मीच त्यांच्याकडे, असं म्हणायला हवं, कारण भाजणीचं प्रमाण त्यांचं. चार वाट्या तांदळाला डाळी किती, हे मी वहीत लिहून घेतलं, त्यांनी कधी वजनसुद्धा केलं नाही. पिठात बोट फिरवून सांगायच्या, मोहन अजून हवं.

पाऊस तेव्हा जायचं नाव घेत नव्हता. धुतलेलं धान्य पंख्याखाली पसरलं होतं, सुकायला दोन दिवस तरी हवे होते. मी एका रात्रीत उचललं. आतून ओलसरच होतं, तसंच भाजलं, आणि गार होऊ न देता, कोमट असतानाच गिरणीत दिलं. गिरणीवाला म्हणाला, "वहिनी, जात्याला चिकटतंय." मी म्हटलं, दळा. हे सगळं मी केलं. त्या दिवशी मावशी तिथे नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पीठ भिजवायला बसल्या आणि मला काहीतरी म्हणाल्या. मी फोनवर होते, खरेदीवाला डब्यावर कंपनीचं स्टिकर तिरकं नको म्हणून सांगत होता. मी तळहाताने खूण केली, चला पुढे. काय म्हणाल्या ते मी ऐकलं होतं. "ताई, पीठ दमट लागतंय हाताला." ऐकलं होतं आणि नव्हतंही. ते दोन्ही एकाच वेळी जमतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

अठरा किलो चकली झाली. रंग सुरेख, काटे खडे. त्याच्या दुसऱ्या दिवशी डबे भरायला घेतले तर वातड. सादळलेली म्हणावी तर रात्रभर पिंप बंद होतं. मी एक मोडली, दुसरी मोडली, मोडली म्हणजे वाकवली. आणि सहा बायकांसमोर मावशींवर ओरडले.

मावशींना मी कायम अहो-जाहो करते. त्या माझ्याहून तेरा वर्षांनी मोठ्या. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "तुला साधं मोहन कळत नाही? एवढी वर्षं काय केलंस?" आणि मग, "यातले पंधराशे तुझ्या पैशातून जातील." पंधराशेचा हिशेब मी कुठून काढला, मला आजही सांगता येणार नाही. पण तो आकडा नंतर आला. आधी ते 'तुला' आलं, आणि खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. शेवेचा सोऱ्या फिरवणाऱ्या मुलीचा हात थांबला होता.

मावशी काही बोलल्या नाहीत. कढईत घाणा होता, तो जळू दिला नाही. पूर्ण तळून काढला, निथळला, गॅस बंद केला. सोऱ्याच्या चकतीत अडकलेलं पीठ काडीने काढलं, सोऱ्या धुऊन पालथा घातला. हात पुसले. पिशवी घेतली आणि दारात म्हणाल्या, "येते."

आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मी दार उघडं ठेवून बसले होते.

ऑर्डर गेली. चकलीच्या जागी बाहेरून आणलेली शेव घातली, ती कोणाच्या लक्षातही आली नाही. उरलेल्या भाजणीच्या पिशवीत दोन दिवसांनी हात घातला तर मुठीला गोळे लागले. मोहनाचा काही संबंधच नव्हता. मी ती पिशवी रात्री, नवरा झोपल्यावर, खाली नेऊन टाकली. घरात कोणी विचारणार नव्हतं तरी.

या जागी मी माझ्याशीच बऱ्याचदा भांडते. ऑक्टोबरमधली मी म्हणते, 96,000 तू भरलेस, मावशींनी नाही. रात्री दोनला तळणीसमोर उभी तू होतीस. माणूस ओरडतो, उद्या विसरतो, सगळीकडे चालतं. ती खोटं बोलत नाही. मी तिला म्हणते, मग पिशवी अंधारात का टाकलीस? यावर ती गप्प बसते, पण हरत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच घेऊन येते.

भाऊबीजेला, 23 तारखेला, मी मावशींच्या घरी गेले. कापलेले पंधराशे आणि वर साडी. त्यांनी पाट दिला नाही, खुर्ची दिली. मी म्हटलं, "मावशी, पीठ माझ्यामुळे बिघडलं होतं." त्या म्हणाल्या, "हो." मी वाट बघत राहिले की आता 'जाऊ द्या ताई' म्हणतील. म्हणाल्या नाहीत. पंधराशे मोजून घेतले, डब्यात ठेवले. साडी टीपॉयवरच राहिली. चहा दिला, त्याबरोबर बिस्किटं. फराळ पुढे आला नाही. तीन आठवडे दुसऱ्यांसाठी तळणाऱ्या बाईच्या घरी भाऊबीजेला फराळ नव्हता, की होता आणि माझ्यापुढे ठेवला नाही? मला विचारता आलं नाही. तुम्हाला आला असता का धीर?

जानेवारीत एका बचत गटाने हळदीकुंकवाला बोलावलं. विषय होता, गेल्या वर्षात धंद्याने काय शिकवलं. मी वीस मिनिटं बोलले. एकाच देशावर विसंबू नका, ॲडव्हान्स वेगळ्या खात्यात ठेवा, लेखी ऑर्डरशिवाय हात हलवू नका. बायकांनी लिहून घेतलं. सगळं खरं होतं. मावशींचं नाव मी घेतलं नाही, आणि परत येताना रिक्षात मला मळमळत होतं.

तर परदेशी फराळ का नाही? कारण 41 डबे म्हटले की माझ्यात ती बाई जागी होते. टॅरिफ नसतं तरी ती झालीच असती, त्या नाही तर पुढच्या दिवाळीला. असं मला वाटतं. नवरा म्हणतो, हा उगाच केलेला उपास आहे, धंदा चुकीतूनच वाढतो. तोही चूक म्हणता येत नाही, मुलीची फी त्याच्या पगारातून जाते आहे. यंदा मी साठच डबे घेतले, सगळे डोंबिवली-ठाण्यातले, दोघी जणी पुरतात. धान्य तीन दिवस सुकवते. जास्तच सुकतं.

मावशींना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी उचलला, तब्येत विचारली. 'येते' म्हणाल्या नाहीत, 'येत नाही' असंही नाही. न्यू जर्सीवालीचा मेसेज परवा आला, ताई, पाच डबे तरी. अजून उत्तर दिलेलं नाही.